कापूस लागलेली भिंत

बाई, कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून माणसं चार पावलं मागे सरली नाहीत, तोच तो बाभळीवरून उतरला आणि भाताला चोच लावून गेला, असं म्हणतात. दहाव्याला नदीवरून परत आलेला जो तो मला हेच सांगत होता. "मोठीमाय सुखानं गेली. काईच मागं ठेवलं नाई तिनं." मी मान हलवली, आत जाऊन चुलीपुढे बसले आणि तुमच्यावर रागावले. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मला कळतं. पण तुमचं काहीतरी अडकायला हवं होतं हो, निदान घटकाभर. मी माझ्या बळीजवळ एक वाक्य देऊन ठेवलं होतं. बाकीच्यांनी काही काही कबूल करूनही कावळा हलला नाही, तर हे म्हण, असं बजावून पाठवलं होतं. ते म्हणायची वेळच आली नाही. जसं दिलं होतं तसंच ते परत घरी आलं.

म्हणून आज बाराव्या दिवशी, घरातली माणसं जेवून सुस्तावली आहेत तेवढ्यात, पोरांची जुनी वही घेऊन बसले आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. माहेरचं पत्र आलं की मी वाचायची आणि तुम्ही वाती वळता वळता ऐकायचात, मध्येच "हं, पुढं?" म्हणायचात. आजही तसंच ऐका. वाती वळायच्या राहिल्या आहेत, त्या मी नंतर वळीन.

आपण दोघी एकाच घरात दिलेल्या जावा. तुम्ही थोरल्या. माझ्या आधी नऊ वर्षं या घरात आलात, आणि तुमची कूस उजवली नाही. मी आले आणि तिसऱ्या वर्षी मला एकदम दोन झाले. आपल्या केनवडच्या बायका विहिरीवर म्हणाल्या, देवाला वाटणी करता येत नाही, एक इकडे एक तिकडे द्यायचा तर दोन्ही एकीच्याच पदरात टाकले. ते ऐकून तुम्ही हसलात. मला चांगलं आठवतं, कारण मला ते हसू आवडलं नव्हतं. रडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

बाळंतपणात मला ताप भरला. बाराव्या दिवशी सुईण माझ्याकडे बघायची सोडून दाराकडे बघायला लागली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. बळी दांडगा होता, रडून घर डोक्यावर घ्यायचा. किसन मात्र एवढासा, दूध ओढायचंही त्याला बळ नव्हतं. मी तुम्हाला बोलावलं. सुईण पाणी तापवायला गेली होती, खोलीत आपण दोघीच. तुम्ही पदर पुढे धरलात आणि मी किसनला तुमच्या ओटीत घातलं. "हा तुमचा," मी म्हटलं. "मी मेले तर तुमचा, आणि वाचले तरी तुमचाच." तुम्ही पदराची दोन्ही टोकं धरून हळूच उठलात आणि त्याला घेऊन गेलात.

आणि मी वाचले की हो!

मरणाऱ्या बाईला उदार व्हायला काय लागतं? तिला उद्या उठून त्याच घरात नांदायचं नसतं. मला नांदायचं होतं. तुम्ही शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाजून त्याला जगवलंत. तो तुमच्या कुशीत निजायचा, बळी माझ्या. 'माय' तो तुम्हालाच म्हणायचा, मला नुसतं निरखून बघायचा. बायका थट्टा करायच्या की किसनाला दोन माया असायच्याच, पुराणातच लिहिलंय. मीही हसायची. पुराणातल्या त्या दुसरीला काय वाटलं असेल, हे मात्र कुणी सांगत नसे.

पोरं चार वर्षांची झाली तेव्हा एकदा भासरे, म्हणजे तुमचे मालक, जेवता जेवता ह्यांना म्हणाले, "चैतात चार मानसं बलावू. किसन्याले दत्तक घेतो. होऊन जाऊ दे एकदाचं." हे म्हणाले, "हाव, घ्या की." तुम्ही वाढत होतात. मी दाराआड होते. भासऱ्यांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं, उघडायची रीतही नव्हती. त्या दिवशी तुम्हालाच सांगतेय असं दाखवून मी बोलले, पण त्यांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं. "बाई, जुळे येगळे करू नये म्हनतात. येगळे निजवले त एक झुरते."

कोण म्हणतात असं? कुणीच नाही. ते मी त्या घटकेला रचलं. आमच्या माहेरी, मालेगावकडे असं मानतात, असंही वर ठोकून दिलं. मालेगाव अर्ध्या दिवसाच्या गाडीवाटेवर. कोण जाणार होतं खरंखोटं करायला?

तुमचा वाढता हात थांबला. मी दाराच्या फटीतून बघत होते. मग तुम्ही भासऱ्यांच्या ताटात भाजी वाढलीत आणि म्हणालात, "झुरत असन त नका करू येगळे. दोघायले एकाच खोलीत निजवू. कापसाची खोली रिकामी होऊनच राह्यली." दत्तकाची गोष्ट त्या दिवशी ताटांबरोबर उचलली गेली, ती पुन्हा कुणी वाढली नाही.

तुम्हाला कळलं होतं ना, बाई? त्या क्षणालाच कळलं होतं. तुम्ही भांडला असतात, चारचौघांत मला विचारलं असतंत की बाळंतिणीच्या खाटेवर काय बोलली होतीस, तर मी खाली मान घालून पोर दिलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. खोली मागितलीत.

ती खोली आठवते का तुम्हाला रिकामी झाली तेव्हाची? वेचणी झाली की वर छताच्या कडीपाटापर्यंत कापूस भरलेला असायचा. मग एकेक गाडी सरकी काढायला जिनात जाऊ लागली, की भिंती वरून खाली हळूहळू उघड्या पडत यायच्या. शेवटची गाडी गेली त्या दिवशी आपण दोघी दारात उभ्या होतो. आत कसला म्हणून आवाज नव्हता. तुम्ही 'हूं' केलंत, तर तेही खोलीनं गिळून टाकलं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "निजायसाठीच हाय बाई ही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रांजणात चुना भिजवलात. मालेगावच्या शेठजींच्या दुकानातून नीळ आणि गेरू आणवलात. अंबाडीचा कुंचला केलात. उगवतीच्या भिंतीपासून सुरुवात केलीत, आणि निळसर पांढरा रंग सरकत सरकत पुढे येऊ लागला. मी दारातून बघत होते. मला वाटलं, ह्याच सगळी खोली सजवणार, आणि उद्या पोरं म्हणणार, मोठीमायनं केली. मी पदर खोचला. काय करावं ते सुचेना, म्हणून वेळूला झाडू बांधला आणि कडीपाट झाडायला लागले.

झाडायचं आधी असतं आणि चुना मग, हेही मला सुचलं नाही. वर सऱ्यांच्या खाचांतून वर्षानुवर्षांचा कापूस लोंबत होता. झाडू लागताच तो सुटला. पडला नाही, उतरू लागला. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, त्यातून तो इतक्या सावकाश येत होता की आपण दोघी माना वर करून बघतच राहिलो. तुमच्या केसांवर बसला, माझ्या पापण्यांवर बसला. आणि उरलेला सगळा चारी ओल्या भिंतींवर जाऊन चिकटला.

मी रडकुंडीला आले. सकाळपासूनची तुमची मेहनत मी घालवली होती, आणि मुद्दाम घालवली असं तुम्हाला वाटणार, ही धास्ती वेगळीच. तुम्ही कुंचला खाली ठेवलात. बोट भिंतीला लावलंत, मग तळहात लावलात, आणि हसायला लागलात. "अव वच्छे, भिंतीले लव फुटली पाय!"

"खरडून काढते मी," मी म्हटलं.

"काहून? राहू दे. पोट्टे हात फिरवत निजतीन."

पोरं धावत आली. बळीनं भिंतीवर थाप मारून विचारलं, "हे वासरू व्हय काय?" किसननं काही विचारलं नाही. त्यानं सरळ गाल टेकवला आणि डोळे मिटले. तेव्हापासून आपल्या घरात ती वासराची खोली झाली. नंतर तुम्ही काडीला कापूस गुंडाळून गेरूनं बैलजोडी काढलीत, मोर काढलात. मोराचे पाय काही जमले नाहीत तुम्हाला, तो कोंबड्यासारखा उभा राहिला. मी ते बोलून दाखवलं, आणि तुम्ही म्हणालात, "चालन. पोरायले जागवाले कोंबडाच पायजे." जुन्या लुगड्यांचा चांदवा शिवून वर बांधलात, त्याला चिंध्यांचे पोपट लोंबवलेत. दोन कोनाडे होते. एक बळीचा, एक किसनचा. दोन्हींत सारख्या गोट्या, सारखे भोवरे. मी रोज मोजून बघायची, किसनच्या कोनाड्यात एखादी गोटी जास्त तर नाही ना. एकदाही सापडली नाही. त्याचाही मला राग यायचा.

आणि वाकळ. आपलं सगळ्यांत मोठं भांडण वाकळीचं. तुम्ही माझी आणि तुमची लुगडी एकाआड एक लावून एकच रुंद वाकळ शिवलीत. मी म्हटलं, दोन हव्यात, बळी लाथा मारतो. तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणालात, "जुळे येगळे करू नये. तूच म्हनली." माझंच खोटं माझ्या गळ्यात आलं होतं. पण हरले म्हणून मानलं थोडंच? दर दिवाळीला वाकळ उन्हात टाकताना मी पुन्हा तोच विषय काढायची, आणि तुम्ही पुन्हा तेच उत्तर द्यायचात. सोळा दिवाळ्या झाल्या, बाई. यंदा मी कुणाशी भांडू?

त्या खोलीतल्या तिन्हीसांजा मला अजून स्वप्नात येतात. कोनाड्यात चिमणी लावलेली, चांदव्याचे पोपट वाऱ्यानं हलताहेत, त्यांच्या सावल्या भिंतीवर. मध्ये तुम्ही, दोन्हीकडे दोन डोकी. पोरांचे हात भिंतीवरून फिरताहेत, आधी भरभर, मग सावकाश, मग थांबताहेत. मी उंबऱ्याबाहेर उभी. काहीतरी निमित्त काढून यायचीच मी, लोटा राहिला, पांघरूण राहिलं. पोरं निजली की तुम्ही उठून आपल्या खोलीत जायचं, ही अट मीच घातली होती. भासऱ्यांना बरं दिसत नाही, असं कारण मीच दिलं होतं. भासऱ्यांना काय त्याचं! पण तुम्ही पाळलीत ती अट. पोरं निजल्यावर थोडा वेळ बसायचात, नुसत्या बघत, आणि उठायचात.

गोष्ट सुरू करण्याआधी तुम्ही रोज काहीतरी कुजबुजायचात. पोरं खुदकन हसायची आणि दोघंही गच्च डोळे मिटून घ्यायची. मी जवळ आले की तुम्ही थांबायचात. काय सांगत होतात तुम्ही? मी कधी विचारलं नाही. मला माहीतच होतं ना! किसनला सांगत असणार, तू माझा आहेस, तुला माझ्या ओटीत घातलं होतं. सोळा वर्षं मी ते वाक्य माझ्या मनानं तयार करत आले. कधी त्यात माझ्या खोटेपणाची गोष्ट घातली, कधी शेळीच्या दुधाची. बळीला एकदा आडून विचारलं, तर तो हसून पळाला.

दरसाल चुना देताना तुम्ही बिछान्याकडची ती एक भिंत सोडायचात. बाकीच्या तीन गुळगुळीत झाल्या. ही पिवळी पडली. निजलेल्या पोरांचा हात जिथवर पोचायचा तिथवर कापूस झिजून गेला, त्याच्या वर अजून तशीच लव आहे.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही तीच खोली मागितलीत. भासरे गेल्यापासून तुम्ही कशासाठी हट्ट धरला नव्हता, एवढाच धरलात. पोरांनी दोन दिवस, दोन रात्री तुमच्याजवळून हलायचं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी दोघांचे डोळे लागले आणि ते तुमच्या बाजेखाली वाकळीवर आडवे झाले. आपण दोघीच जाग्या. त्या सुइणीच्या दिवसासारखंच. मला वाटलं, आता बोलावं. मी विचारलं काय, तर "पाणी देऊ काय?"

तुम्ही म्हणालात, "पोट्टे निजले काय?"

"निजले."

"दोघंबी?"

"हाव, दोघंबी."

"मंग झालं," तुम्ही म्हणालात, आणि भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं पोरांच्या जागरणाची काळजी वाटली असेल. संध्याकाळपर्यंत तुम्ही गेलात.

इंग्रजांची लढाई संपली म्हणतात, पण कापड अजून कुपनावरच आहे. तुमच्यासाठी कोरं कापड मिळवायला ह्यांना दोन दुकानं पालथी घालावी लागली, कापसाच्या मुलखात. अंगणात माणसं बोलत होती, अग्नी कुणी द्यायचा. कुणी म्हणे बळी थोरला, कुणी म्हणे हेच देतील. मी एक शब्द बोलायला हवा होता. "किसन देईल, तो त्यांचाच." मी दाराआड उभी होते, बाई, त्याच दाराआड. खोटं बोलायला तिथून मोठा आवाज निघाला होता. खऱ्याच्या वेळी तो फुटला नाही. किसननंच कुणाला न विचारता मडकं उचललं, आणि बळी त्याच्या बाजूनं चालू लागला.

त्यानंतर नऊ दिवस मी हिय्या करत होते. दहाव्याच्या सकाळी बळीच्या कानात सांगितलं, "कावळा शिवला नाई त म्हन, किसन तुमचा." तो माझ्याकडे बघतच राहिला. आणि तुम्ही? तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पोरं नदीवरून आली तेव्हा मी चुलीपुढेच होते. मुंडण केलेलं, मिशा उतरवलेल्या. कोण कुठला ते मला क्षणभर ओळखू येईना. बळी म्हणाला, "माय, तुवं सांगतलेलं म्हनाची पाळीच नाई आली. पर थे काय होतं व?"

मी सांगितलं. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. ताप, ओटी, 'वाचले तरी तुमचाच', आणि दाराआडचं खोटं. किसनकडे बघायचा धीर होत नव्हता. तो चुलीतली राख उकरू लागला. मग म्हणाला, "मले हे काईच मालूम नोतं, माय."

"रोज तर सांगत होत्या त्या तुले! निजाच्या वक्ताले, कानात!"

"थे होय?" किसन हसला. डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "थे त दोघायलेबी सांगे मोठीमाय. म्हने, दिवसा तुमी तुमच्या मायचे. निजले का माहे, दोघंबी. निजा बरं लौकर."

"म्हून त आमी डोये मिटाचो," बळी म्हणाला.

बाई, सोळा वर्षं मी ज्या वाक्याला भीत होते ते हे होतं. मी तुम्हाला एक देऊन परत घेतला, आणि तुम्ही दोघं घेतलेत, तेही माझं काही कमी न करता. रोज संध्याकाळी मी लोटा घेऊन यायची ती तुमच्या वेळात यायची. तुमचा तेवढाच वेळ होता आणि त्यातही मी पहारा केला. माफी मागते असं नुसतं लिहून भागत नाही, पण लिहिते. वाकळीचंही तुमचंच खरं होतं. एकच हवी होती.

आणि ते परत आलेलं वाक्य आता मीच म्हणते. किसन तुमचा. मी वाचले, तरी तुमचाच.

त्या दुपारी दोघं दमले होते. वासराच्या खोलीत गेले आणि वाकळ अंथरून आडवे झाले. वीस वर्षांचे बाप्ये, पाय वाकळीच्या बाहेर. किसनचा हात भिंतीवर चढला, झिजलेल्या जागेच्याही वर, जिथे अजून कापूस आहे तिथवर, आणि फिरता फिरता थांबला. वारा सुटला होता. मी पांघरूण घेऊन आले. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागे घेतला.

निजले होते, बाई. तुमचे होते. मी आत गेले नाही.